चौदाशे चाळीस गुणिले नऊशे

आमच्या जावयाला कॉम्प्युटरमधलं कळतं. निदान त्याला तसं वाटतं, आणि जावयाला एखादी गोष्ट वाटत असेल तर सासऱ्याने ती वाटू द्यावी, अशा मताचा मी आहे. त्यामुळे रविवारी लेक आणि तो जेवायला आले आणि जेवणानंतर माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून तो म्हणाला, "बाबा, किती रडत रडत चालतो हा! थांबा, सगळं पुसून नव्याने टाकून देतो," तेव्हा मी नको म्हणालो नाही. माझ्या फायली त्याने आधी बाजूला काढल्या, माझा नकाशाचा प्रोग्रॅमही परत बसवून दिला, एवढं त्याचं शहाणपण मान्य करायला हवं. दोन तास तो खुर्चीला चिकटून होता. मग गाडीची वेळ झाली म्हणून लेकीने घाई केली आणि तो उठला.

"झालंच आहे बाबा, उरलंसुरलं आपोआप होईल," असं जिना उतरता उतरता सांगून गेला.

उरलंसुरलं आपोआप झालं नाही.

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला. पडद्यावरची चित्रं बिस्किटाएवढी झाली होती. अक्षरं मोठी, पण कडा विस्कटलेल्या, जणू ओल्या कागदावर शाई फुटली आहे. मी चष्मा पुसला. मग पडदा पुसला. मग पुन्हा चष्मा पुसला. शेवटी नकाशा उघडला आणि खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

हा नकाशा म्हणजे माझी दोन वर्षांची पायपीट. मी तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर गावामागच्या टेकडीवर रोज फिरायला जाऊ लागलो आणि लक्षात आलं, की या टेकडीचा धड नकाशा कुणीच काढलेला नाही. मग मीच वही घेऊन सुरुवात केली. प्रत्येक पायवाट, प्रत्येक झरा, बसायला बरे असे दगड, निसरडे उतार, सगळं टिपलं आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर उतरवलं. गावच्या वाचनालयाने नवी खोली बांधली, तिच्या भिंतीवर हा नकाशा भलामोठा छापून लावायचं ठरलं. छापखान्यातल्या माणसाला शुक्रवारी फाईल हवी होती.

टेकडीच्या पलीकडे एक तळं आहे. गोल, अगदी वर्तुळात बसेल असं. मी स्वतः पावलं टाकत त्याला फेरी मारली आहे. ते तळं पडद्यावर आडव्या अंड्यासारखं दिसत होतं. नकाशाचा जेमतेम एक कोपरा मावत होता आणि तोही दोन्ही बाजूंनी धरून ताणल्यासारखा. एक झरा हलवायला गेलो तर सूचनांची चौकट उघडली, ती एवढी लांबलचक की तिचा खालचा भाग पडद्याच्या बाहेरच गेला. 'ओके'चं बटण त्या खालच्या भागात होतं. म्हणजे आता ते बहुधा टेबलाच्या खाली कुठेतरी असावं.

मी जावयाला फोन लावला. तो कामात होता, तरी बोलला बिचारा.

"रिझोल्युशन कमी झालंय बाबा. सेटिंगमध्ये जाऊन वाढवा."

मी गेलो. तिथे आठशे गुणिले सहाशे असा आकडा होता, आणि यादीत त्याच्यावर दुसरा आकडाच नव्हता.

"मग काही इलाज नाही," तो म्हणाला. "मशीन फार जुनं आहे. खरं सांगू का, आता नवीनच घ्या."

"अहो, पण माझा नकाशाचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही. तुम्हीच मागे म्हणाला होतात."

"हो, तेही आहेच," तो म्हणाला. यावर सासऱ्याने काय बोलायचं? मी "बघतो, तुम्ही काळजी करू नका" म्हटलं आणि फोन ठेवला.

आमची ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

आता हिच्याविषयी सांगायला हवं. गावातले जुने लोक हिला 'फोनवाल्या बाई' म्हणतात. एकतीस वर्षं ही टेलिफोन खात्यात होती. सुरुवातीला आत बसून जोडण्या लावायची, पण तिथे जीव रमेना म्हणून साहेबांच्या मागे लागून बाहेरच्या कामावर गेली. बंद पडलेल्या लाइनी शोधायच्या, खांबावर चढायचं, रस्त्यातला खड्डा उघडून आतली केबल जोडायची, हे हिचं काम. तिच्या आधी आमच्या गावात ते काम कुठल्या बाईने केलं नव्हतं. हे मला माहीत होतं, जसं आपल्या गावाची लोकसंख्या आपल्याला माहीत असते. म्हणजे विचारलं तर सांगता यायचं. पण ती सकाळी निघायची तेव्हा मी शाळेच्या गडबडीत, आणि ती यायची तेव्हा मी वह्या तपासण्यात. तिच्या नखांत काळं असायचं आणि ती हात धुवायला बराच वेळ लावायची, एवढंच काय ते मला त्या कामातलं दिसलं होतं. वायर तुटली की जोडायची, त्यात काय मोठंसं, अशी माझी समजूत.

"काल सकाळी नीट दिसत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मशीन कालच्यापेक्षा एका दिवसाने जुनं झालं. एका दिवसात एवढं म्हातारपण येत नाही कुणाला. सरका जरा."

मी खुर्ची दिली. मला वाटलं, ती आता इकडची तिकडची बटणं दाबून बघेल, जसं मी गेला तासभर करत होतो. तिने एकाही बटणाला हात लावला नाही. स्वयंपाकघरातल्या खणातून एक कोरी वही आणली, वर तारीख घातली आणि लिहिलं: 'तक्रार: चित्र मोठं, धुरकट, आडवं ताणलेलं. रविवार दुपारपासून.'

"वही कशाला?"

"आज काय केलं ते उद्या आठवत नाही. मग माणूस तेच तेच करत बसतं." तिने वर पाहिलं. "तुमच्या नकाशाची फाईल आधी दुसरीकडे काढून ठेवा. पेनड्राइव्हवर. एक नाही, दोनदा. त्याशिवाय मी कशाला हात लावणार नाही."

मी दोनदा काढून ठेवली. कुणी आपल्यालाच गृहपाठ देतंय ही भावना मला नवीन होती.

मग ती म्हणाली, "बिघाड कुठे आहे हे नंतर. आधी कुठे नाही ते काढू." तिच्या मते इथे तीनच ठिकाणं होती: पडदा, मधली केबल आणि खोका. खालच्या मजल्यावर हॉस्पिटलात काम करणाऱ्या सिस्टर राहतात. त्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, निळ्या रुंद खाचेचा, म्हणजे आमच्या पडद्याची केबल बसेल असा. ही खाली गेली आणि लॅपटॉपसकट सिस्टरनाच घेऊन वर आली. आमच्या खोक्यातून केबल काढून लॅपटॉपला लावली. पडद्यावर सिस्टरच्या भाचीच्या वाढदिवसाचा फोटो आला आणि तो इतका लख्ख होता की केकवरचं नावसुद्धा वाचता आलं.

"म्हणजे पडदा चांगला, केबल चांगली," हिने वहीत दोन रेघा मारल्या. मग पडद्याच्या खालचं छोटं बटण दाबून त्याची स्वतःची माहिती काढली. तिथे लिहून आलं होतं, की या पडद्याला सगळ्यात मानवणारा आकडा चौदाशे चाळीस गुणिले नऊशे. तिने तो वहीत उतरवला आणि त्याला चौकट केली. "इथवर पोचायचंय आपल्याला."

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, आमच्याकडे पेशंटला तपासतात ते अस्संच."

मंगळवारी ती चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. मीही गेलो, कारण घरी बसून अंड्याकडे बघण्यापेक्षा ते बरं. दुकानदार तिशीतला, कानात वायर घातलेला. हिने मशीन किती वर्षांचं ते सांगितलं तर तो हसला.

"काकू, ते आता संग्रहालयात द्या."

"देईन," ही म्हणाली. "त्याआधी मला एक सांग. सिस्टिम नव्याने टाकली की चित्र मोठं का होतं?"

प्रश्न नेमका असला की माणूस उत्तर देतोच. त्याने कानातली वायर काढली आणि सांगितलं, की खोक्यात चित्र काढणारा एक भाग असतो. त्या भागाशी कसं बोलायचं हे सिस्टिमला जन्मतः ठाऊक नसतं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नसेल तर सिस्टिम कसंबसं, ढोबळ चित्र काढून वेळ मारून नेते.

"म्हणजे बदलीवरचा माणूस," ही म्हणाली. "आमच्याकडे यायचे. बिचाऱ्यांना गल्ल्या माहीत नसायच्या, म्हणून फक्त मोठ्या रस्त्यावरचंच काम करायचे."

"अगदी तसंच," दुकानदार म्हणाला.

"आपल्याकडे गाडी नाही आणि ड्रायव्हर शोधत फिरतोय," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. दोघं कामात होती.

"आता कुठला ड्रायव्हर, हे कसं कळायचं?" तिने विचारलं.

"आतल्या मदरबोर्डवर नंबर छापलेला असतो. खोका घेऊन या, मी उघडून बघतो. पण आठवडाभर वेळ नाही मला."

"उघडायला मला येतं," ही म्हणाली आणि त्याचे आभार मानून निघाली.

बुधवारी दुपारी तिने माळ्यावरून आपली पत्र्याची पेटी काढली. निवृत्तीनंतर ती पेटी मी उघडलेली पाहिली नव्हती. आत सगळं जागच्या जागी होतं: लांब दांड्याचे स्क्रू ड्रायव्हर, पकडी, मऊ केसांचा ब्रश, मुठीत मावणारी बॅटरी. खिडकीजवळच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, खोका आडवा ठेवला, मागची वायर काढली. एका कागदावर खोक्याचा चौकोन काढला आणि निघेल तो स्क्रू त्या चौकोनात त्याच्या त्याच्या जागी ठेवत गेली.

मी समोर स्टुलावर बसलो होतो. झाकण काढण्याआधी तिने खोक्याच्या उघड्या पत्र्याला बोटं लावली.

"नमस्कार करतेस की काय?"

"अंगातली वीज उतरवतेय. नाहीतर आतल्या नाजूक गोष्टी जळतात."

आत इतकी धूळ होती की मला आमच्या शाळेचं नकाशांचं कपाट आठवलं. तिने ब्रशने ती हळूहळू बाहेर काढली, एका दिशेने, घाई न करता. तिचे हात मी पन्नास वेळा नाही, पन्नास हजार वेळा पाहिले असतील. कपडे वाळत घालताना, लेकीची वेणी घालताना, माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना. पण हे हात वेगळे होते. बोटं आत जायची, एखादी वायर उचलून बाजूला धरायची, डोळे दुसरीकडे असायचे. कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही, हे बोटांनाच ठाऊक. वर्गात फळ्यावर एका दमात डोळे मिटून जगाचा नकाशा काढणारे एक मास्तर आम्हाला होते. त्यांना बघताना जे वाटायचं ते मला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी, आमच्या हिच्याकडे बघून वाटलं.

"तू कामावर रोज असंच करायचीस?" मी विचारलं.

"असं म्हणजे?"

"असं... मन लावून."

ती हसली. "खांबावर असताना मन दुसरीकडे लावून चालायचं नाही." मग ब्रश चालवता चालवता बोलायला लागली. एका वर्षी नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, तेव्हा हॉस्पिटलकडे जाणारी केबल बुडाली. दोनशे जोड्या, म्हणजे चारशे तारा, प्रत्येक जोडीचे रंग वेगळे. खड्ड्यात गुडघाभर पाण्यात बसून ती आणि तिचा एक जोडीदार, दोघांनी दोन दिवसांत त्या सगळ्या सोडवल्या, सुकवल्या, जोडल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खड्ड्यातूनच तिने हॉस्पिटलला फोन लावला आणि पलीकडून कुणीतरी 'हॅलो' म्हणालं.

"मग?"

"मग काय? मी 'लाइन चालू झाली' म्हटलं आणि रडले थोडी. जोडीदाराला वाटलं, शॉक लागला."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "त्याच दिवशी. तुम्ही सहामाहीचे पेपर तपासत होतात. 'छान' म्हणालात."

  मी बॅटरी उचलली आणि ती जिथे बघत होती तिथे उजेड धरला.

नंबर सापडला. दोन खाचांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. आता माझी पाळी होती. बारीक अक्षरं वाचण्यात माझा हात कुणी धरत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. नकाशे वाचायचं माझं भिंग घेतलं आणि एक एक अक्षर खणखणीत आवाजात सांगितलं. ती वहीत लिहीत गेली. शेवटून दुसऱ्या अक्षराला ती थांबली.

"तो आठ नाही, इंग्रजी बी वाटतो मला."

"अगं, आठ आहे. तेहेतीस वर्षं अक्षांश-रेखांश वाचलेत मी."

तिने 'आठ' लिहिलं. शेजारी कंसात बारीक 'बी' लिहिलं. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

खोका बंद झाला. सगळे स्क्रू कागदावरून आपापल्या जागी गेले, एकही उरला नाही. गुरुवारी सकाळी आम्ही बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर गेलो. तिथे जुन्या बोर्डांची यादी होती, एखाद्या शाळेच्या जुन्या हजेरीपटासारखी लांब. माझा आठवाला नंबर तीत निघाला तेव्हा मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. फाईल उतरायला अर्धा तास लागला. ती चालू केली आणि लगेच चौकट आली: हा प्रोग्रॅम या यंत्रासाठी नाही.

'मी म्हटलं नव्हतं का' असं ही म्हणाली नाही. ते तिचं मोठेपण. फक्त वहीतल्या कंसाकडे बोट केलं.

"बी," मी म्हणालो.

"बी," ती म्हणाली.

बीवाला बोर्डही यादीत होता, दोन पानं पुढे. पुन्हा अर्धा तास. या वेळी चौकट उघडली, पण तिची सगळी बटणं पडद्याच्या तळाखाली. 'पुढे' म्हणायचं तर कुठे म्हणायचं? मी म्हटलं, "संपलं. ड्रायव्हर दारात आला आणि दाराला कडीच नाही."

तिने हात वर करून मला थांबवलं. मग टॅबची कळ एकदा दाबली. चौकटीतल्या वरच्या ओळीभोवती तुटक रेघ आली. पुन्हा दाबली, रेघ खालच्या ओळीवर गेली. पुन्हा दाबली, रेघ दिसेनाशी झाली.

"आता ती खाली, न दिसणाऱ्या बटणांवर आहे," ती म्हणाली. "पहिलं बटण 'मागे' असणार. दुसरं 'पुढे'." तिने आणखी एकदा टॅब दाबला आणि एंटर मारला. चौकट बदलली. पुढचं पान आलं.

"तुला कसं कळलं?"

"खड्ड्यात उतरलं की केबलच्या मागची बाजू दिसत नाही. हाताने मोजत जायचं."

असं न दिसणारी बटणं मोजत ती चार पानं पुढे गेली. मग एक हिरवी पट्टी भरू लागली. भरता भरता अर्ध्यावर आली आणि पडदा काळा झाला.

पूर्ण काळा. मी उभा राहिलो. माझी दोन वर्षांची टेकडी त्या काळ्यात होती. पेनड्राइव्हवर दोनदा काढून ठेवली आहे, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. मी हात पुढे केला, खटका बंद करायला.

"हात लावू नका," ती म्हणाली. एवढंच. तेही हळू. पण आवाज असा होता, की खांबाखाली उभ्या असलेल्या चार माणसांनी तो निमूट ऐकला असता. मी हात मागे घेतला.

पडदा उजळला. पुन्हा काळा झाला. पुन्हा उजळला. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा, अशी सूचना आली. तिने केला. आणि मग सेटिंगच्या यादीत, जिथे आठशे गुणिले सहाशेच्या वर काहीच नव्हतं, तिथे आकड्यांची शिडी उभी होती. सगळ्यात वरच्या पायरीवर चौदाशे चाळीस गुणिले नऊशे.

"तुम्ही दाबा," ती म्हणाली.

"छे, तूच दाब. तुझं काम आहे."

तिने दाबलं. पडदा एकदा मिटला आणि उघडला. काय सांगू? धुकं उतरून समोरचा डोंगर दिसावा तसं झालं. अक्षरं बारीक, काळीभोर, कातरल्यासारख्या कडांची. मी नकाशा आधीच उघडा ठेवला होता, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. सगळ्या पायवाटा, झरे, खालची नदी. आणि तळं गोल होतं. मी पडद्यावर पट्टी लावून पाहिली. आडवं तेवढंच उभं.

"अगं, बघ! गोल!"

"बघतेय."

"अगदी गोल!"

आम्ही दोघं बघतच राहिलो आणि पडदा पुन्हा मिटला. उघडला तो बिस्किटं, धूर आणि अंडं घेऊन.

मी पट्टी टेबलावर आपटली. ही मात्र पोट धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झालं होतं असं, की आकडा बदलल्यावर मशीनने विचारलं होतं, 'हेच ठेवायचं का?' आणि पंधरा सेकंदांत उत्तर मागितलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून त्याने सगळं पूर्ववत केलं. तळ्याच्या नादात ती चौकट आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. तिने पुन्हा वरची पायरी निवडली आणि या वेळी तळं गोल होण्याआधीच 'ठेवा' म्हणून टाकलं.

मग वही उघडली, शेवटच्या पानावर लिहिलं: 'बिघाड: ड्रायव्हर नव्हता. दूर केला. गुरुवार, बारा वाजून दहा मिनिटं.' आणि खाली सही केली. ती सही मी लेकीच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती, पण एवढी ऐटदार नव्हती ती.

संध्याकाळी जावयाला फोन करायचा म्हणून मी उत्साहाने उठलो, तर हिने अडवलं. "त्याला वाईट वाटेल असं काही बोलू नका. त्याने चांगल्यासाठीच केलं होतं." म्हणून मी फक्त एवढंच सांगितलं, की झालं दुरुस्त.

"कुणी केलं बाबा? कुठे दिलं होतं?"

"कुठे नाही. तुमच्या सासूबाईंनी केलं."

"आईंनी?" त्याने दोनदा विचारलं. मग तो म्हणाला, "आईंना देता का फोन जरा?" तिच्याशी तो वीस मिनिटं बोलला. बोलला म्हणजे विचारत होता आणि ही सांगत होती. मधेच त्याने "थांबा, लिहून घेतो" म्हटलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं. पोरगा चांगला आहे. मी उगाच त्याच्यावर चिडलो होतो.

शुक्रवारी फाईल छापखान्यात गेली. पुढचे काही दिवस मी गावात काय काय सांगत फिरलो, ते हिला कळलं तेव्हा ती वैतागली. केस कापायला गेलो तिथे सांगितलं. फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढली असेल, मी नाही म्हणत नाही. सिस्टरनी तिला येऊन विचारलं, "बाई, तुम्ही डोळे मिटून कॉम्प्युटर दुरुस्त केलात म्हणे?"

"अहो, काय सांगत सुटलाय तुम्ही?" ती मला म्हणाली. "साधा ड्रायव्हर होता तो."

"असू दे साधा."

"आणि डोळे कधी मिटले मी?"

"बटणं दिसत नव्हती ना? मग एकच."

ती "काय माणूस आहे" असं काहीतरी पुटपुटत आत गेली. पण जाताना तिची ताठ चाल मी पाहिली. तशी चाल मी पूर्वीही पाहिली असणार, एकतीस वर्षं, रोज सकाळी दारातून बाहेर पडताना. तेव्हा मी दप्तर आवरत असायचो.

वाचनालयाच्या खोलीत नकाशा लागला त्या दिवशी बरीच माणसं आली होती. खाली कोपऱ्यात माझं नाव होतं आणि त्याखाली, तिला न विचारता, मी छापखान्यात सांगून तिचंही घालून घेतलं होतं. तिने ते वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर माझी धडगत नव्हती. लोकांनी माझं कौतुक केलं. एका माजी विद्यार्थ्याने त्या तळ्यात पोहल्याची गोष्ट सांगितली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी सारखा हिला शोधत होतो आणि ती नकाशासमोर कुठेच नव्हती.

पलीकडच्या खोलीत सापडली. ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी. त्यांचा कॉम्प्युटरही कुणीतरी नव्याने बसवून दिला होता आणि महिनाभर त्या बिस्किटाएवढ्या चित्रांकडे डोळे बारीक करून बघत होत्या. हिने पर्समधून बॅटरी काढली होती. नकाशाच्या समारंभाला जाताना ही पर्समध्ये बॅटरी का घेते, हे मी निघताना विचारायला हवं होतं. ग्रंथपालबाई वही घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि ही त्यांना सांगत होती, "लिहा. तक्रार कधीपासून?"

मी दारात उभा राहून बघत होतो. मागून दोन-चार जण आले. एकाने हळूच विचारलं, "सर, या बाई कोण? कंपनीकडून आल्यात का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडच्या आहेत."

माझा आवाज जरा मोठाच लागला असावा. हिने मान वळवून पाहिलं.

"अहो, तिथे उभे का? या इकडे, हा खोका धरा. आणि कुणीतरी खिडकी उघडा."

मी जाऊन खोका धरला.